गाडीचीं पादत्राणें

पायांत घालावयाचा जोडा घेतांना आपण दुकानांत दहा पावलें चालून पाहतों, टांच बोटानें दाबून पाहतों, आणि तरीही घरीं आल्यावर तो चावतो म्हणून कुरकुरतों. परंतु पांच-सहा माणसांचा भार वाहणाऱ्या मोटारीला नवे जोडे घालावयाचे झाले म्हणजे दुकानदाराच्या शब्दावर व टायरच्या रूपावर विसंबून अर्ध्या तासांत मोकळे होतों. ज्या उंच व दणकट मोटारींना हल्लीं एसयूव्ही म्हणतात त्या आपल्यासारख्यांच्या दारांत उभ्या राहूं लागल्यापासून ही निवड अधिकच अवघड झाली आहे. कारण त्यांच्यासाठीं बाजारांत तीन निरनिराळ्या प्रकारचे टायर मिळतात, आणि दुकानांत त्या दिवशीं जो प्रकार शिल्लक असेल तोच सर्वोत्तम ठरतो.

या विषयांत आमचा अधिकार तो कितीसा! पस्तीस वर्षें आम्हीं मुलांकडून शब्दरूपें व धातुरूपें घोकून घेतलीं. मोटार हांकावयास आम्हांस अजून येत नाहीं. पण मोटारीच्या मागच्या आसनावर बसण्याचा अनुभव आमच्याइतका थोड्यांनाच असेल, आणि वाचकांस पुढें दिसून येईल कीं या कामीं तोच अनुभव खरा उपयोगी पडतो.

आमचें मूळ घर दापोली तालुक्यांत आहे. पुण्याहून ताम्हिणी घाटानें माणगांवास उतरावें आणि महाड, पोलादपूर, खेड करीत दापोली गांठावी, असा आमचा नेहमींचा मार्ग. डांबरी रस्ता संपतो तेथून घरापर्यंत सव्वा किलोमीटर जांभ्या दगडाची व तांबड्या मातीची चढण आहे. उन्हाळ्यांत तिचें कांहींच वाटत नाहीं. श्रावण-भाद्रपदांत मात्र तिच्यावर शेवाळ धरतें, पाण्याच्या लोटानें मधोमध चर पडतो, आणि साध्या टायरची मोटार वळणावर जागच्या जागीं चाकें फिरवीत चिखल उडवीत राहते. २०२२ सालीं तर गणपतीची मूर्ति पुतण्यानें डोक्यावर घेतली, फराळाचे डबे आम्हीं हातांत घेतले, आणि मोटार खालींच आंब्याच्या झाडाशीं ठेवून सगळे पायीं वर गेलों.

तेव्हां मूळचे टायर झिजून गोटा झाल्यावर चिरंजीवांनीं ठरविलें कीं आतां चिखलाचे टायर घालावयाचे. दुकानदारानेंही दुजोरा दिला. ते टायर मोठमोठ्या ठोकळ्यांचे, नखें बाहेर काढलेल्या पंजासारखे दिसत. आम्हांसही ते आवडले, हें येथें कबूल केलें पाहिजे. पुढच्या भाद्रपदांत मोटार ती चढण एका दमांत चढली आणि नातीनें टाळ्या वाजविल्या.

त्याच प्रवासांत दुसरी एक गोष्ट घडली होती. आमच्या पत्नीस गेलीं कांहीं वर्षें कमी ऐकूं येतें व ती श्रवणयंत्र लावते. त्या दिवशीं मुळशीचा जलाशय दिसूं लागण्याच्या सुमारास तिनें तें यंत्र कानांतून काढून डबींत ठेवलें व मान मागें टेकली. तिला झोंप लागली असें आम्ही समजलों. रात्रीं जेवतांना नात रुसून म्हणाली, "मी आजीला सबंध गोष्ट सांगितली, ती हूं सुद्धां म्हणाली नाहीं." तेव्हां विचारलें असतां पत्नी म्हणाली, "यंत्र लावलें कीं कानांत पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखें होत होतें. काढलें तर तुमचे सगळ्यांचे नुसते ओंठ हलतांना दिसत होते." पांच-सहा तास हा प्रकार चालला होता, आणि आम्ही शेजारीं बसून पंचांगांत प्रतिष्ठेची वेळ पाहत होतों. परततांनाही तिनें डबी उघडली नाहीं.

वार्धक्यानें येणाऱ्या बहिरेपणाची रीत अशी आहे कीं उंच पट्टींतले ध्वनि आधीं जातात व खालच्या पट्टींतले मागाहून. स, श, फ, त यांसारखीं व्यंजनें ऐकूं येत नाहींत, स्वर तेवढे येतात. म्हणून म्हातारीं माणसें 'ऐकूं येतें पण समजत नाहीं' असें म्हणतात तें अक्षरशः खरें असतें. त्यांत मोटारीची घरघर मिसळली कीं उरलीसुरलीं व्यंजनेंही बुडतात, आणि श्रवणयंत्र शब्दांबरोबर त्या घरघरीसही मोठें करतें. तरुण माणसाला तोच आवाज जेमतेम जाणवतो. शिवाय तो पुढें बसलेला असतो, आणि मागचीं चाकें मागच्या आसनाच्या अगदीं बगलेस असतात. टायर विकत घेणारा पुढें, त्याचा आवाज सोसणारा मागें. सगळ्या घोटाळ्याचें मूळ यांत आहे.

चाकाला नाद कां असावा? शाकुंतलाच्या सातव्या अंकांत इंद्राचा रथ दुष्यंतास घेऊन खालीं उतरतो तेव्हां त्याच्या चाकांचा आवाजही होत नाहीं व धूळही उडत नाहीं, आणि याचें कारण कालिदासानें तेथेंच दिलें आहे: रथ भूमीला टेकलेलाच नाहीं. आमच्या मतें टायरविषयींचें सगळें शास्त्र या एका निरीक्षणांत आलें. जें चाक भूमीला धरील तें वाजेल, आणि चिखलांत अधिक धरणारें बहुधा डांबरावर अधिक वाजेल. प्रश्न एवढाच कीं आपल्यास किती पकड हवी व तिच्या मोबदल्यांत किती आवाज सोसावयाचा.

हवा भरलेल्या चाकाचा जन्मच या आवाजाच्या तक्रारीशीं निगडित आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणानें १८४५ सालीं अशा चाकाचा हक्क नोंदविला. त्यांत त्यानें तीन हेतु सांगितले: गाडी ओढण्यास कमी बळ लागावें, तिची चाल सुखाची व्हावी, आणि तिचा आवाज कमी व्हावा. ती कल्पना मागें पडली. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलप यानें आपल्या मुलाच्या तिचाकीसाठीं ती नव्यानें शोधून काढली, म्हणून नांव डनलपचें झालें. त्यानंतर चिखलांत व ओल्यांत पकड हवी म्हणून रबरावर खांचा पाडाव्या लागल्या, आणि घालविलेला आवाज त्या खांचांतून परत आला.

तो येतो कसा हें समजलें म्हणजे निवड सोपी होते. टायरच्या पाठीवर रबराचे ठोकळे असतात. दुकानदार त्यांस बटण म्हणतात. चाक फिरतें तसा प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो. दोन ठोकळ्यांमधील खांचेंत सांपडलेली हवा दाबली जाऊन फुस्सकन बाहेर पडते. लांब खांच रस्त्याला टेकली कीं तिची क्षणभर बांसरीसारखी नळी होते व ती वाजते. आणि टायरची गोल पाठ व सपाट रस्ता यांच्यामधील जागा कर्ण्याच्या तोंडासारखी पसरत गेलेली असल्यामुळें हा सगळा नाद तेथें आणखी मोठा होतो. ताशीं चाळीस-पन्नास किलोमीटरांपुढें एकसारख्या वेगानें चालणाऱ्या मोटारींत इंजिनापेक्षां चाकांचाच आवाज अधिक असतो.

येथें थोडें अंकगणित करूं. सवय जात नाहीं. आमच्या टायरवर २३५/६५ आर १७ असें माप आहे. २३५ ही मिलिमीटरांतली रुंदी. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा ६५. आर म्हणजे रेडियल बांधणी. १७ हा आंतील धातूच्या रिमचा इंचांतला व्यास. हिशेब केला म्हणजे चाकाचा परीघ सुमारें २ मीटर ३१ सेंटिमीटर येतो. ताशीं ८० किलोमीटर वेगानें मोटार सेकंदाला २२ मीटरांहून थोडी अधिक जाते, म्हणजे चाक सेकंदाला साडेनऊ वेळांहून किंचित् अधिक फिरतें. परिघावर ७० सारखे ठोकळे आहेत असें धरलें तर सेकंदाला सुमारें ६७० आघात झाले. पेटीची एकच पट्टी दापोलीपर्यंत दाबून धरावी तसा हा प्रकार! म्हणून चांगले कारखानदार सर्व ठोकळे एका मापाचे करीत नाहींत. कांहीं आंखूड, कांहीं मध्यम, कांहीं लांब, असे अनियमित क्रमानें लावतात. आघात तितकेच होतात, पण ते एका सुरांत न सांठतां अनेक सुरांत विखुरतात, आणि गिरणीच्या घरघरीऐवजीं वाऱ्यासारखी सळसळ ऐकूं येते.

आतां ते तीन प्रकार. एच. टी. म्हणजे हमरस्त्याचा टायर. बारीक खांचा, सलग पट्ट्या, आवाज थोडा. एम. टी. म्हणजे चिखलाचा, मोठे ठोकळे आणि चिखल फेंकला जावा म्हणून रुंद मोकळ्या खांचा. हमरस्त्यावर त्याचा आवाज सर्वांत मोठा, आणि आमच्या चिरंजीवांनीं घेतलेला तो हाच. या दोहोंच्या मधला ए. टी., म्हणजे ऑल-टेरेन, सर्व प्रकारच्या भूमीचा. १९७६ सालीं अमेरिकेंत बीएफगुडरिच कंपनीनें रेडियल बांधणीचा ऑल-टेरेन टायर काढला, आणि आज बहुतेक मोठे कारखानदार या नांवाचा टायर विकतात. परंतु या दोन अक्षरांखालीं फार मोठें गोत्र सामावलें आहे. कांहीं ए. टी. जवळजवळ एच. टी.च्या घरचे, तर कांहीं एम. टी.चे सख्खे भाऊ. अक्षरें वाचून भागत नाहीं. पाठ पाहावी लागते.

आणि पाठ पाहण्याआधीं आपला रस्ता पाहावा. आम्हीं वहींत मांडून पाहिलें. आमची मोटार वर्षाला सुमारें बारा हजार किलोमीटर चालते. त्यांत चढणीच्या चार खेपा, प्रत्येक खेपेस जातां-येतां अडीच किलोमीटर, म्हणजे वर्षाला दहा किलोमीटर चिखल. बाराशें किलोमीटरांत एक! त्या एकासाठीं आम्हीं उरलेल्या अकराशें नव्याण्णव किलोमीटरांची गिरणी विकत घेतली होती. पण तो एक किलोमीटर टाळतांही येत नाहीं. गणपति घरीं पोंचलाच पाहिजे. म्हणून आम्हांस हवा होता तो ए. टी. गोत्रांतला सौम्य टायर. ज्यांच्या मोटारीला डांबर कधींच सुटत नाहीं त्यांनीं मात्र एच. टी. घेऊन स्वस्थ बसावें. सूनबाईंच्या मावशीच्या यजमानांनीं केवळ रुबाबासाठीं ए. टी. घालण्याचें मनांत आणलें होतें; आम्हीं त्यांस तसें स्पष्ट लिहिलें. ओल्या डांबरावर ए. टी.ची मोटार थांबावयास बहुधा चांगल्या एच. टी.पेक्षां थोडी अधिक जागा घेते, आणि इंधनही कांहींसें अधिक लागतें. तें मोल विनाकारण कां द्यावें?

चिरंजीवांस हें पटावयास वेळ लागला. "नाना, ते टायर अर्धे सुद्धां झिजलेले नाहींत," असें त्याचें म्हणणें, आणि काटकसरीच्या दृष्टीनें तें खरें होतें. म्हणून आधीं चाकांची अदलाबदल करून व हवेचा दाब नीट करून पाहिला. थोडा गुण आला, पण गिरणी बंद झाली नाहीं. शेवटीं एका रविवारीं आम्हीं त्यास मागच्या आसनावर बसविलें, सूनबाईंनीं मोटार हांकली, आणि देहूरोडपर्यंत जाऊन आलों. येतांना आम्ही पुढून त्याच्याशीं अगदीं हळू आवाजांत बोलत होतों. तीनदां 'काय म्हणालांत?' असें विचारल्यावर तो आपणच गप्प झाला. दुसऱ्या आठवड्यांत ते टायर त्यानें तळेगांवकडील एका शेतकरी मित्रास दिले. त्याच्या शेताच्या वाटेस ते योग्यच आहेत, आणि निम्मी किंमत तरी परत आली.

दुकानांत आम्हीं काय पाहिलें तें सांगतों. टायर उभा करून पाठ डोळ्यांपुढें धरावी. मधला पट्टा सलग असेल, किंवा तेथील ठोकळे अगदीं दाटीनें बसविलेले असतील, तर बरें. सलग पट्टा रस्त्यावरून उचललाच जात नाहीं, तेव्हां तो आपटतही नाहीं. मग खांदा पाहावा, म्हणजे पाठ व बाजू यांचा सांधा. तेथील खांचा रुंद, खोल व एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत आडव्या सरळ गेल्या असतील तर तो टायर वाजणार. त्या तिरप्या व अरुंद असतील, किंवा दोन ठोकळ्यांमध्यें तळाशीं रबराचा लहानसा सेतु ठेवलेला असेल, तर कमी वाजेल. त्यानंतर बोटाच्या पेरांनीं शेजारशेजारचे दहा-बारा ठोकळे मोजून पाहावे. सर्व सारखे भरले तर संशय घ्यावा. दुकानांतला पोरगा आमचें हें मोजमाप पाहून हंसत होता, पण त्यानें मग आपणही एक टायर मोजून पाहिला.

ठोकळ्यांवर सुरीनें चिरल्यासारख्या बारीक रेघा दिसतात. त्यांस इंग्रजींत साइप म्हणतात, व तें एका माणसाचें आडनांव आहे. जॉन साइप या अमेरिकन गृहस्थानें निसरड्या जमिनीवर पाय घसरूं नये म्हणून जोड्यांच्या रबरी तळव्यांना अशा चिरा पाडण्याची युक्ति काढली व १९२३ सालीं तिचा हक्क मिळविला. टायरवर ती मागाहून आली. तेव्हां या लेखाचा मथळा आम्हीं केवळ अलंकार म्हणून दिलेला नाहीं. चिरा भरपूर असल्या म्हणजे ठोकळा लवचिक होतो, ओल्या रस्त्याला धरतो, आणि आपटतो तोही जरा मऊपणें.

मापापुढें आणखी एक आकडा व अक्षर असतें; आमच्या टायरवर १०४ एच आहे. १०४ म्हणजे एका टायरनें ९०० किलोग्रॅमपर्यंत भार वाहावा, आणि एच म्हणजे ताशीं २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. मोटारीच्या पुस्तकांत सांगितल्यापेक्षां यांपैकीं कांहींच कमी घेऊं नये. उलट गरज नसतां एल. टी. अक्षरांचा, मालवाहू गाडीच्या बळाचा टायर घेण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्याच्या बाजू जाड व ताठ असतात, त्यास हवाही अधिक लागते, आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का व नाद तो इमानानें आंत पोंचवितो. बाजूवर चार आकड्यांची एक तारीखही असते: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. रबर जुनें झालें कीं कठीण होतें, आणि कठीण रबर अधिक वाजतें. दुकानांत वर्षानुवर्षें पडून राहिलेला टायर सवलतींत मिळाला तरी घेऊं नये.

आवाजाचा आकडा कोठें छापलेला नसतो काय, असें कोणी विचारील. २०२२ सालीं केंद्र सरकारनें टायरचा रस्त्यावरील आवाज, ओल्या रस्त्यावरील पकड व फिरतांना होणारा रोध यांच्या कसोट्या नियमांत आणल्या. युरोपांत तर आवाजाचा आकडा डेसिबलमध्यें टायरच्या चिठ्ठीवरच छापतात. पण तो आकडा इंजिन बंद ठेवून मोटार जवळून जातांना रस्त्याच्या कडेस ठेवलेल्या यंत्रानें ऐकलेला असतो. आंत बसलेल्या आजीच्या कानाचा तो आकडा नव्हे. तुलनेपुरता तो उपयोगी आहे. तीन डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ति दुप्पट होते, हें मात्र ध्यानांत ठेवावें, नाहींतर दोन-तीनांचा फरक क्षुल्लक वाटतो.

आम्हीं कोणता टायर घेतला त्याचें नांव मुद्दाम देत नाहीं. एकाच नांवाच्या टायरची बांधणी मापागणिक व देशागणिक निराळी असूं शकते, तेव्हां परदेशी परीक्षकाची स्तुति आपल्या मापाला लागू पडेलच असें नाहीं. त्यापेक्षां ओळखीच्या कोणाच्या मोटारीला तो टायर असेल तर कांचा वर करून मागच्या आसनावर अर्धा तास बसून यावें, आणि तेंही दोन प्रकारच्या रस्त्यांवर. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावरचें सिमेंट सहसा डांबरापेक्षां अधिक वाजतें, आणि जाड खडीचें डांबर बारीक खडीच्या डांबरापेक्षां. शक्य तर पंधरा-वीस हजार किलोमीटर चाललेला टायर पाहावा. नवेपणीं पुष्कळच शांत असतात.

कारण असें कीं ठोकळ्याची एक कड दुसरीपेक्षां लवकर झिजली म्हणजे पाठ करवतीच्या दात्यांसारखी होते; तळहात एका दिशेनें फिरविला तर गुळगुळीत व उलट फिरविला तर खरखरीत लागतो. मग शांत टायरही गुणगुणूं लागतो, आणि मनुष्य बेअरिंग गेलें असें समजून गॅरेजांत पैसे घालतो. दर आठ-दहा हजार किलोमीटरांनीं चाकांची अदलाबदल करावी, अलाइनमेंट तपासावी, आणि दरवाज्याच्या चौकटीवर चिकटविलेल्या चिठ्ठींत लिहिली आहे तेवढीच हवा, चाकें थंड असतांना, भरावी. स्टेपनीचीही हवा पाहावी. (वेल्समधील लानेल्ली गांवच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ सालीं हें जादा चाक निघालें म्हणून तें नांव. इंग्लंडांत तें मागें पडलें. आपण अजून धरून ठेवलें आहे.)

नव्या टायरांवर पहिला कोंकणप्रवास झाला तो गेल्या भाद्रपदांत. ते निःशब्द आहेत असें म्हणणें असत्य होईल. ताम्हिणींत जाड खडीचा एक तुकडा आहे तेथें ते गुणगुणले. घराच्या चढणीवरही वळणाशीं एकदां मागचें चाक घसरलें, व चिरंजीवांस मोटार चार हात मागें घेऊन पुनः चढवावी लागली. चिखलाचे टायर असते तर तसें झालें नसतें. पण मुळशीपाशीं आम्हीं चोरून पाहिलें तों पत्नीच्या हातांत डबी नव्हती. नातीची गोष्ट माणगांवापर्यंत चालली, व आजीनें तींत दोन चुका काढल्या. पोलादपुराच्या अलीकडे ती आमच्याकडे वळून म्हणाली, "वातींचा डबा घेतलात ना?"

तो पुण्यास देवघरांतच राहिला होता.